पुराआधीचे पैसे आणि पंचनाम्यानंतरचे पैसे

पावसाळा तोंडावर आला की एक मजकूर व्हॉट्सॲपवरच्या गावोगावच्या गटांमध्ये फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: पूर किंवा दुष्काळ येण्याआधीच गरिबांच्या खात्यात पैसे टाकण्याची जी टूम निघाली आहे, ती तिजोरीची उधळपट्टी आहे, रोख रक्कम हातात पडली की ती दारूत जाते, अंदाज चुकला तर सगळा पैसा पाण्यात, रोख वाटल्याने बाजारात भाव भडकतात, म्हणून द्यायचेच तर धान्य द्यावे, हे सारे परदेशी संस्थांचे खूळ आहे, आणि खरी मदत तीच, जी नुकसान झाल्यावर रीतसर पंचनामा करून दिली जाते. यातल्या काही शंका रास्त आहेत, हे आधीच मान्य करतो. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे मुद्दे त्याच्याच आधाराने उभे आहेत. कोल्हापूरजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. तिथे पाण्याची पातळी ३९ फूट झाली की इशारा आणि ४३ फूट झाली की धोका, हे आकडे नदीकाठच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. जुलै-ऑगस्टमध्ये प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांत ‘बंधाऱ्यावर किती?’ हा प्रश्न दिवसभर विचारला जातो, आणि या दोन आकड्यांमधल्या चार फुटांतच घरातले बहुतेक निर्णय उरकावे लागतात. जनावरे आधी हलवायची की माणसे, धान्याची पोती माळ्यावर चढवायची की पाहुण्यांकडे पोचवायची, टेम्पो आज सांगायचा की उद्यापर्यंत वाट पाहायची, असे ते निर्णय असतात. आज टेम्पो सांगितला आणि रात्रीत पाणी उतरले, तर भाडे अंगावर पडते. उद्यावर ढकलले, तर टेम्पोवाला जास्त मागतो, किंवा रस्त्यावरच पाणी आल्याने तो येऊच शकत नाही. ज्याच्या खिशात चार पैसे आहेत तो आज टेम्पो सांगतो आणि ज्याच्या खिशात नाहीत तो वाट पाहतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा दुसरा माणूस हट्टी वाटतो.

आता पंचनाम्याचा हिशेब पाहू. पाणी ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात, नुकसान मोजतात, अहवाल तहसील कार्यालयात जातो, तिथून वर जातो आणि मग अनुदान खाली येते. पिकाचे नुकसान निदान ३३ टक्के असावे लागते. दुभती गाय किंवा म्हैस दगावली, तर केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांनुसार ३७,५०० रुपये मिळतात. तेवढ्या पैशांत बाजारात चांगली म्हैस येत नाही, ही गोष्ट निराळी. तीच म्हैस वेळेत सोनतळीच्या उंचवट्यावर न्यायची, तर टेम्पोचे भाडे आणि काही दिवसांची वैरण एवढाच खर्च असतो, आणि तो ३७,५०० च्या पासंगालाही पुरत नाही. पण पंचनाम्यात वाचलेल्या म्हशीला रकानाच नाही. पडलेल्या घराची भरपाई अंदाजावर देता येणार नाही, ती मोजूनच द्यावी लागेल, आणि म्हणून पंचनामा राहायलाच हवा. तरीही दोन्ही पैशांची कामे वेगळी आहेत, आणि एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. २०१९ च्या महापुरानंतर शासनाने ग्रामीण कुटुंबांना १०,००० आणि शहरी कुटुंबांना १५,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर केले आणि त्यातले ५,००० रोखीने हातात द्यायचे ठरवले. पूरग्रस्ताला पहिल्या आठवड्यातच रोख पैसा लागतो, हे त्या निर्णयातच मान्य झाले होते. ही रक्कम आठवडाभर आधी मिळाली असती तर तिने काय केले असते, एवढाच प्रश्न शिल्लक उरतो.

या प्रश्नाचे उत्तर बांगलादेशात प्रत्यक्ष करून पाहिलेले आहे. ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरल्यावर जमुना होते, आणि तिच्या पात्रातल्या गाळाच्या बेटांवर, म्हणजे चरांवर, कुरीग्राम आणि गाईबांधा या उत्तरेकडच्या जिल्ह्यांतली अत्यंत गरीब कुटुंबे राहतात. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या केंद्रीय आपत्कालीन निधीतून ५२ लाख डॉलर आधीच बाजूला काढून ठेवले होते, आणि कोणत्या अंदाजाला कोणी काय करायचे हेही आधीच लिहून ठेवले होते. पुराचा दहा दिवस आधीचा अंदाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की याद्या आणि खाती तपासायची, आणि पाच दिवस आधीच्या अंदाजाने तेच सांगितले की पैसे सोडायचे. जुलै २०२० मध्ये दोन्ही मर्यादा ओलांडल्या गेल्या. जागतिक अन्न कार्यक्रमाने पूर शिगेला पोचण्याआधी २३,००० हून अधिक कुटुंबांना प्रत्येकी ४,५०० टका (टका हे बांगलादेशचे चलन) ‘बिकाश’ या मोबाइल खात्यावर पाठवले. अन्न व कृषी संघटनेने बी-बियाणे आणि चीजवस्तू ठेवायला घट्ट झाकणाची पिंपे दिली, जनावरांसाठी खाद्य दिले.

नंतर स्टेफान डेरकॉन आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी सुमारे ९,००० कुटुंबांना फोनवर प्रश्न विचारले. तुलनेसाठी त्यांनी अशी कुटुंबे घेतली, ज्यांना हे पैसे द्यायचे होते, पण मोबाइल खात्याच्या अडचणींमुळे ते पोचू शकले नाहीत. पैसे मिळालेल्या कुटुंबांवर पुराच्या दिवसांत अख्खा दिवस उपाशी काढण्याची वेळ येण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी होती. तीन महिन्यांनंतरही त्या घरांतल्या मुलांचे आणि मोठ्यांचे खाणेपिणे इतरांपेक्षा बरे होते, आणि त्यांनी चढ्या व्याजाची कर्जे कमी काढली होती. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते: रक्कम तीच असून, ती एक दिवस आधी मिळाली की नंतर, यानेही फरक पडलेला दिसला. त्याच नदीकाठी बांगलादेश रेड क्रेसेंटने २०१७ मध्ये केलेल्या अशाच प्रयोगात हजारभर कुटुंबांना पुराआधी ५,००० टका दिले होते. तिथे टिकाऊ मालमत्तेच्या हानीत फारसा फरक आढळला नाही. मात्र अन्न आणि कर्ज या दोन बाबतींत आढळला. तेव्हा पुराआधीचे पैसे मिळाले म्हणजे घर वाहून जायचे वाचते, असा दावा मी करत नाही. पोटाची आणि सावकाराची बाजू सावरते, एवढे म्हणण्याइतका पुरावा मात्र आहे.

दारूच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी जगभरच्या १९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यात दिसले नाही. सरासरी पाहता तो किंचित घटलाच होता. जमुनेच्या चरांवर ते पैसे मुख्यतः अन्न आणि पाण्यावर गेले. शिवाय ज्याला प्यायचीच आहे तो पंचनाम्यानंतर जमा झालेल्या अनुदानाचीही पितो, पण त्या कारणाने नुकसानभरपाई बंद करा असे कोणी म्हणत नाही.

अंदाज चुकण्याची शंका मात्र रास्त आहे. नदी आपल्या अंदाजाप्रमाणे वागेलच असे नाही, आणि आपत्ती निधीला तळ असतो. म्हणूनच दोन पायऱ्या ठेवतात: लांबचा अंदाज कमी भरवशाचा असतो, त्यावर फक्त कागदपत्रांची तयारी होते; जवळचा अंदाज अधिक भरवशाचा असतो, त्यावर पैसा सुटतो. तरीही कधीतरी पूर हुलकावणी देईलच. पण पाणी आलेच नाही तर ते ४,५०० टका गेले कुठे? ते त्याच भूमिहीन, चरावरच्या कुटुंबाकडे, मजुरी मिळत नाही अशा ऐन पावसाळ्यात गेलेले असतात. याला गळती म्हणायचे, तर दर महिन्याच्या निराधार अनुदानालाही तसेच म्हणावे लागेल. चुकलेल्या इशाऱ्याची किंमत मोजायलाच हवी. ज्या वर्षी इशारा खरा ठरला आणि पैसा पाणी ओसरल्यावर पोचला, त्या वर्षाचा खर्च मात्र मजकूर लिहिणाऱ्याने हिशेबात धरलेलाच नाही.

भाववाढीबद्दल केनियाच्या सियाया भागातला मोठा प्रयोग सांगण्याजोगा आहे. तिथे साडेसहाशेच्या आसपास गावांमध्ये मिळून १०,००० हून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर दिले गेले. गरीब खेड्यांच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती, तरी भाव सरासरी ०.१ टक्क्याच्या आसपासच वाढले. अर्थात बाजारापासून तुटलेल्या दुर्गम गावांत भाव जास्त वाढू शकतात, आणि चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या गावात दुकानच बंद असेल तर नोटा चुलीत घालायच्याच लायकीच्या. तिथे शिधा, पाणी आणि बोटच लागते. पण मजकुरातली सूचना इथेच उलटते. दुकान, टेम्पो आणि कडब्याची वखार पाणी येण्याआधीच उघडी असतात. म्हणजे पैशाने माल मिळतो तो आधी, आणि नंतर तो हातानेच पोचवावा लागतो. रोख आणि वस्तू हा वाद बराचसा वेळेचा आहे.

राहिला ‘परदेशी खूळ’ हा मुद्दा. तो महाराष्ट्रात फिरवणाऱ्याने सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याची आठवण ठेवायला हवी होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तिथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला, आणि मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना त्या वर्षातली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी आठवते, खडी फोडून हाताला आलेले फोड आठवतात. पण लाखो घरांत चूल पेटती राहिली ती मजुरीच्या पैशामुळे, कारण त्या पैशानेच माणसे बाजारातून आणि रेशनवरून धान्य घेऊ शकली. खिशात पैसा असलेले गिऱ्हाईक असले की धान्य व्यापाऱ्याच्या वाटेने दुष्काळी मुलखातही पोचते. ते नसले तर शेजारच्या जिल्ह्यात कोठारे भरलेली असूनही उपयोग नसतो. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यासाठी शहरांतल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. पुढचा दुष्काळ येण्याआधीच कामाचा हक्क, पैशाची सोय आणि कामांची यादी तयार ठेवायची, हा विचार बांगलादेशातल्या त्या दहा दिवस-पाच दिवसांच्या योजनेहून फार निराळा नाही. अगदी अलीकडे, २०२४ च्या उन्हाळ्यात, ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या ५०,००० सभासदांसाठी उष्म्याचा विमा उतरवला होता, आणि पारा ४० अंशांपलीकडे गेल्यावर सभासदांना ४०० रुपये देण्याची सोय त्याला जोडलेली होती. भर दुपारी टोपली डोक्यावर घेऊन फिरायचे की घरी थांबायचे, हे ठरवायला अशा बाईला तेवढे पैसेही लागतात.

मजकुरात न आलेला, पण या योजनेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप यादीचा आहे. पूर आल्यावर यादी करता येत नाही, म्हणून आधी पैसा द्यायचा तर जी यादी हाताशी असेल तीच वापरावी लागते. एप्रिल ते जून २०२० मध्ये केंद्र सरकारने जनधन खाते असलेल्या स्त्रियांना दरमहा ५०० रुपये दिले. ते इतक्या झटपट देता आले, कारण खाती आधीच उघडलेली होती. आणि ज्या गरजू बाईचे खाते जनधनमध्ये नव्हते, ती त्याच कारणाने राहून गेली. जमुनेच्या चरांवरही मोबाइल खाते नसलेली कुटुंबे वगळली गेली, हे वर आलेच आहे. केनियाने यावर एक वाट काढली: तुर्काना, मार्साबित, वाजीर आणि मांदेरा या चार कोरड्या जिल्ह्यांत नियमित अनुदान घेणारी कुटुंबे साधारण एक लाख होती, पण नोंदणी आणि बँक खाती त्याहून कितीतरी जास्त कुटुंबांची आधीच करून ठेवली. उपग्रहाने टिपलेली चाऱ्याची स्थिती ठरावीक पातळीखाली गेली की या जास्तीच्या कुटुंबांनाही त्या महिन्यांपुरते पैसे जात. रोजगार हमीची वाट निराळी होती, कारण जो कामावर येईल तोच लाभार्थी, तिथे यादीच लागत नसे. पण चढत्या पुरात म्हाताऱ्या माणसाला खडी फोडायला बोलावता येत नाही.

आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेची यादी आहे, रेशन कार्डांची आहे, कोणत्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरते हे ग्रामपंचायतीला तोंडपाठ आहे. या तीन गोष्टी एका कागदावर आलेल्या नसतात. कुळाने जमीन कसणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, ऊसतोडीला गेल्यामुळे पडताळणीच्या दिवशी गावात नसलेला माणूस यांतल्या कोणत्याच कागदावर धड सापडत नाही. १ मेच्या ग्रामसभेत ही एकत्र यादी मोठ्याने वाचून दाखवता येते. तेव्हा नदी पात्रात असते, तोडणीला गेलेले बहुतेक परत आलेले असतात, आणि ज्याचे नाव वाचले गेले नाही त्याला तक्रार करायला पुरता महिना मिळतो.