‘जागा आली की एस्ता’ हा नियम चुकीचा आहे

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मंडळींत एक सूत्र फिरतं: ‘मराठीत सगळ्याला एकच “आहे”, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. नुसतं अस्तित्व असेल तर “आय”, जागा सांगायची असेल तर “एस्ता”. वस्तू अनेक असल्या की दोन्ही रूपं अनेकवचनी करा.’ नवशिक्यांचा यामुळे गोंधळ वाढतो.

आधी जागेचं बघू. ‘एन ला मेसा आय उन लीब्रो’ (टेबलावर एक पुस्तक आहे) या वाक्यात जागा आहे, तरी ‘आय’च बरोबर. ‘औषधाचं दुकान कुठे मिळेल?’ याला ‘दोन्दे आय उना फार्मासिया?’ म्हणतात, तिथे तर प्रश्नच जागेचा आहे. निर्णय जागेवर नसून नामाआधी काय येतं त्यावर होतो. ‘उन, उना’ (एक), आकडा किंवा ‘मुचोस’ (पुष्कळ) असेल, किंवा नामाआधी काहीच नसेल, तर ‘आय’: ‘नो आय आग्वा’, पाणी नाही. ‘एल, ला’ (इंग्रजी ‘द’सारखे शब्द), ‘मी’ (माझं), ‘एस्ते’ (हे) किंवा विशेषनाम असेल तर ‘एस्ता’: ‘एल लीब्रो एस्ता एन ला मेसा’.

फरक जाणवत नाही, हेही खरं नाही. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात पुस्तकाची बातमी नवी, दुसऱ्यात कोणतं पुस्तक ते ऐकणाऱ्याला माहीत. मराठी जे शब्दक्रमाने करते तेच स्पॅनिश क्रियापदाने करते. पण हा क्रम फक्त खूण म्हणून वापरा: ‘टेबलावर माझं पुस्तक आहे’ यात जागा आधी आली, तरी ‘माझं’मुळे ‘एन ला मेसा एस्ता मी लीब्रो’ असंच होतं.

अनेकवचनाचं सूत्र अर्धंच खरं. ‘एस्ता’चं ‘एस्तान’ होतं, ‘आय’ मात्र बदलत नाही: ‘आय उना सीया, आय त्रेस सीयास’ (एक खुर्ची, तीन खुर्च्या). भूतकाळातही ‘आबीआ मुचोस निन्योस’, पुष्कळ मुलं होती. कारण इथे नाम कर्ता नसून कर्म असतं. खुर्च्या आहेत का, याचं उत्तर ‘सी, लास आय’. ‘लास’ हे कर्माचं सर्वनाम. लॅटिन अमेरिकेत ‘आबीआन’ हे अनेकवचनी रूप बोलताना बरंच ऐकू येतं, तरी प्रमाण लेखनात आणि परीक्षेत ती चूक धरली जाते.

‘मला दोन भाऊ आहेत’ इथे ‘आय’ आणि ‘एस्ता’ यांपैकी काहीच चालत नाही: ‘तेन्गो दोस एर्मानोस’ (‘तेन्गो’ म्हणजे माझ्याकडे आहे). ‘पार्टी माझ्या घरी आहे’ यातही जागा आहे, पण कार्यक्रम कुठे होणार हे ‘सेर’ या ‘असणे’च्या दुसऱ्या क्रियापदाने (रूप ‘एस’) सांगतात: ‘ला फिएस्ता एस एन मी कासा’. हेच वाक्य ‘माझ्या घरी पार्टी आहे’ असं उलटवलं, की लगेच ‘एन मी कासा आय उना फिएस्ता’.