बेसमेंट, बाबा आणि बेसबोर्ड हीटर

आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला आले ते ऐन जानेवारीत, आणि खोली रिकामी होती ती एकच, बेसमेंटची. बाहेर उणे अठरा, खाली फ्रिज उघडा राहिल्यासारखं. म्हटलं भिंतीला इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटर, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवायचा लांबट हीटर, लावून टाकू, कारण आमच्या ऑन्टॅरियो प्रांतात विजेच्या सेफ्टी अथॉरिटीला कळवून आपल्या घरातलं वायरिंग आपल्याला करता येतं. आता घरात वीज बोर्डातनं रिटायर झालेला माणूस असताना काय काळजी, असं ज्याला वाटेल त्याने माझ्या बाबांना एकदा भेटावं.

जागेवरूनच सुरुवात झाली. हीटर शक्यतो खिडकीखाली लावायचा, म्हणजे काचेवरून खाली येणारी गार हवा तिथल्या तिथे तापते. पण सॉकेटखाली लावायचा नाही, लोंबणारी वायर तापेल म्हणून. आणि सॉकेट तर नियमानेच भिंतीभर पेरलेले! खिडकी, सॉकेट आणि आईने आधीच मांडून टाकलेले देव, हे सगळं चुकवत जागा ठरेपर्यंत अख्खा रविवार गेला.

मग मी लाल केबल सोलली. आत एक काळी, एक लाल आणि एक उघडी तांब्याची.

बाबा: "न्यूट्रल कुठंय?"

"नाहीये बाबा. दोन्ही लाइव्ह."

"दोन्ही फेज?? अरे फेज टू फेज चारशे चाळीस असतं, जाळशील घर!"

मग मी पॅनेलसमोर उभं राहून समजावलं की इथे थ्री फेज नाही, ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगच्या मधोमध न्यूट्रल काढतात, दोन्ही टोकांना एकशेवीस-एकशेवीस, टोक ते टोक दोनशेचाळीस, म्हणून ब्रेकर पण डबल पोल, म्हणजे दोन्ही लाइव्ह एकदम तोडणारा, वीस अँपचा. बाबा ऐकत होते, पण चेहरा असा की पोराला चुकीच्या कॉलेजात घातलं. "म्हणजे आपल्याकडे साध्या सॉकेटात जेवढं येतं, तेवढ्यासाठी यांना दोन-दोन लाइव्ह वायरी लागतात," एवढं बोलून त्यांनी कॅनडाचा निकाल लावला. टॉर्च मात्र शेवटपर्यंत धरला, आणि मेन बंद केल्यावरसुद्धा टेस्टर लावल्याशिवाय वायरला हात लावू दिला नाही, हे मान्य करायलाच पाहिजे.

इन्स्पेक्टर आला, झाकण उघडून बघितलं, ओके म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजून न्यूट्रलबद्दल परत विचारलंच.

हीटर पहिल्यांदा चालू केला तेव्हा आतली धूळ जळून असा काही वास सुटला की आई देव उचलून वर निघाली. मग हळूहळू खोली मस्त गरम झाली आणि बाबांनी विचारलं, "किती वॉट?"

"दोन हजार."

"म्हणजे तासाला दोन युनिट!"

झालं. संध्याकाळी पाच ते सात इथे वीज महाग, सातनंतर स्वस्त, हे कुठूनतरी कळलं त्यांना. आता रोज पाचच्या ठोक्याला थर्मोस्टॅट खाली येतो आणि कानटोपी डोक्यावर चढते. मधेच आई गुपचूप तो वर करते. बाबा परत खाली करतात. सात वाजले की स्वतःच्या हाताने बावीसवर ठेवतात आणि वर येऊन आम्हाला सांगतात, "लावलाय हां हीटर, आता या खाली."