पिकअप गेला म्हणून बॅटरीची वायर काढू नका

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘गाडीचा पिकअप गेलाय? मेकॅनिककडे जाऊ नका, तो लुटेल’ अशी सुरुवात, आणि पुढे पाच दावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं काढली की ताकद परत येते. पिकअप जातो तो ई-20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळेच. 100 ऑक्टेन टाकलं की गाडी पळते. चेक इंजिनचा दिवा पेटला नसेल तर गाडीत दोष नाही. आणि डिझेलवाल्यांनी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढूनच टाकावा. मेकॅनिकबद्दलचा संशय समजू शकतो, न विचारता पार्ट बदलणारे आहेतच. पण या पाचांत पहिला उपाय सगळ्यात घातक, कारण तो काही वेळा खरंच चालल्यासारखा वाटतो.

काहीतरी बिनसलं की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, इंजिन वाचवण्यासाठी ताकद आवरते. यालाच लिंप मोड म्हणतात. वायर काढली की बऱ्याच गाड्यांत ही अट पुसली जाते आणि गाडी चेंबूरहून वाशीपर्यंत झकास जाते. परतीला खाडीपुलाच्या चढावर पुन्हा तेच. मधल्या वेळात काय गेलं? फॉल्ट कोड, म्हणजे ईसीयूने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, गेला. फ्रीज फ्रेम गेली, म्हणजे दोष घडला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, इंजिनावर लोड किती याची नोंद. फ्युएल ट्रिमचे आकडेही गेले. तपास सुरू होण्याआधीच पंचनामा फाडून टाकायचा असा हा प्रकार.

या नोंदी किती कामाच्या असतात ते बघा. फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी इंधन देतेय. उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक वीस आणि अडीच हजार आरपीएमला जवळपास शून्य, असं दिसलं तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. उलट आयडलिंगला ठीक आणि चढावर आकडा वाढत जातोय, तर संशय फ्युएल पंपावर, फिल्टरवर किंवा मळलेल्या एअरफ्लो सेन्सरवर. तुंबलेला इंजेक्टर एकच असेल तर तो बहुधा मिसिंगमधून, म्हणजे एका सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याने बसणाऱ्या धक्क्यांतून, कळतो. चोरट्या हवेचं मुंबईतलं एक कारण मॅन्युअलमध्ये सापडणार नाही: उंदीर. पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाडीचं बॉनेट त्यांना घरासारखं. व्हॅक्यूमचा पाइप कुरतडला की झालं.

कोड मिळाला म्हणजे निदान झालं असंही नाही, ही बाजू मेसेजवाल्यांसारखीच गॅरेजवाल्यांनाही ऐकवायला हवी. पी-0299 म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. त्यावर थेट टर्बो बदलायचं कोटेशन देणारे भेटतात. आधी टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा पाइप हाताने चाचपा. सांध्यावर नेहमीपेक्षा जास्त तेलकट ओल, ढिला क्लॅम्प, किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘फुस्स’ आवाज असेल तर खर्च पाइपाचा किंवा क्लॅम्पचा, टर्बोचा नव्हे.

आता ई-20. मायलेज घटतं ही तक्रार रास्त आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के कमी. पण ताकद ठरते इंजिन किती हवा ओढतं त्यावर, आणि तेवढ्याच हवेत जाळलं तर इथेनॉल आणि पेट्रोल जवळपास सारखीच ऊर्जा देतात. इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा राहतो, इतकंच. पंप आधीच थकलेला असेल तर ई-20 त्याचं बिंग फोडतं, आणि खापर पेट्रोलवर फुटतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांची चिंता खरी आहे, पण तो प्रश्न वेगळा.

100 ऑक्टेनबद्दल फार लिहावं असं काही नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला, इंधन सिलिंडरमध्ये आपोआप भडकण्याला, विरोध; जास्तीची ऊर्जा नव्हे. नॉक होतंय म्हणून ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेत असेल तर थोडा फरक जाणवेल. एरवी दीडपटीच्या आसपास पैसे मोजून क्लॅम्प काही आवळला जात नाही.

‘दिवा नाही तर दोष नाही’ हा दावा मुंबईत तर मुळीच टिकत नाही. सायन-कुर्ला पट्ट्यात रोज हाफ क्लचवर रांगणाऱ्या गाडीची क्लच प्लेट झिजते, आणि साध्या मॅन्युअल गाडीत तिच्यावर दिवा पेटवणारा सेन्सर नसतो. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर इंजिन ठीक आहे, क्लच सरकतोय. चिकटून राहणारे ब्रेकही असेच दिव्याविना ताकद खातात. गाडी थांबल्यावर एकच चाक जास्त तापलेलं लागेल (डिस्कला बोट लावू नका, दुरूनच धग कळते). आणि बोर घाट चढल्यावर बिनटर्बोची गाडी थोडी मंदावते, तो बिघाडच नाही: लोणावळा सुमारे सहाशे मीटरवर आहे आणि दर शंभर मीटरला ढोबळ एक टक्का ताकद जाते. उलट दिवा लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करून लवकर थांबा. ते मिसफायरचं लक्षण आहे आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं.

राहिला डीपीएफ. तो काढणं म्हणजे उत्पादकाने दिलेल्या रचनेत बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्याला आडवं येतं. तो तुंबतो कारण काजळी जाळायला सुमारे सहाशे अंश तापमान लागतं आणि अंधेरी ते बीकेसी अशा रांगत्या फेऱ्यांत ते टिकत नाही. तेव्हा हायवेवर नेऊन सलग वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने चालवणं हा उपाय बरोबर आहे. मात्र काजळी जाळण्याच्या अर्धवट राहिलेल्या प्रत्येक सफाईत थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून निघण्याआधी, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर हायवे नंतर, ऑइल आधी बदला.