‘ॲड ब्लॉकर आजच बंद करा’ या मेसेजला उत्तर

फोंड्यातल्या आमच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले काही दिवस रोज कुणी ना कुणी तोच मेसेज दाखवतं. परवा मार्दोळहून एक आजी आल्या. चार्जिंगची पिन बदलून घ्यायची होती, पण आधी त्यांनी व्हॉट्सॲप उघडलं आणि फोन माझ्या हातात दिला. “पळय रे पुता, हें कितें आयलां तें.” मुलाने त्यांच्या फोनवर जाहिराती अडवणारा ब्राउझर घालून दिलेला, आणि आता भजनी मंडळाच्या ग्रुपवर हे आलेलं:

“सर्वांना विनंती. मोबाईलमधला ॲड ब्लॉकर आजच बंद करा. तो पासवर्ड वाचतो, बँकेचे व्यवहार अडवतो, बॅटरी आणि नेट खातो. तो बेकायदेशीर आहे. त्यामुळे आपल्या गोव्यातल्या वर्तमानपत्रांचं नुकसान होतं. बंद करता येत नसेल तर खालच्या लिंकवरचं ॲप टाका, ते आपोआप बंद करेल.”

यातली एक गोष्ट खरी आहे, दोन अर्ध्या खऱ्या, बाकीच्या चुकीच्या. पण सगळ्यात वाईट आहे ती शेवटची लिंक, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

“लिंकवरचं ॲप टाका.” नका टाकू. ॲड ब्लॉकर बंद करायला जगात कुठलंही वेगळं ॲप लागत नाही. तो ब्राउझरमध्ये असो की फोनच्या सेटिंग्जमध्ये, जिथे आहे तिथेच तो बंद करता येतो. दुकानातल्या सिमकार्ड नसलेल्या जुन्या फोनवर मी ती लिंक उघडली, तर थेट एपीके फाईल उतरायला लागली. म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरचं ॲप. वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने, वीजबिलाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने अशाच फाईली फिरतात. त्या आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतात, मग ॲक्सेसिबिलिटीची. पहिली दिली की बँकेचा ओटीपी त्यांना दिसतो, दुसरी दिली की स्क्रीनवरचं सगळं त्यांच्या हातात जातं. कुणी टाकलंच असेल तर फोनचं नेट लगेच बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. मगच फोन दुकानात आणा. आधी दुकान आणि मग बँक असं केलंत, तर मधल्या वेळात पैसे गेलेले असतात.

“तो पासवर्ड वाचतो.” हा दावा अर्धा खरा आहे, आणि त्यातला खरा अर्धा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, पानावरची जाहिरात काढतं, म्हणजे त्याला ते पान वाचता येतंच. बसवताना ब्राउझर तशी परवानगी मागतोही. वाईट हेतूच्या माणसाने बनवलेलं एक्स्टेन्शन या परवानगीचा गैरवापर करू शकतं. २०१८ मध्ये ॲड ब्लॉकर बनवणाऱ्या ॲडगार्ड या कंपनीने क्रोमच्या दुकानातले पाच बनावट ॲड ब्लॉकर उघडकीस आणले होते. दोन कोटींहून जास्त लोकांनी ते बसवलेले होते. नावं खऱ्यांसारखीच, आत मात्र भलतंच. म्हणून प्रश्न विचारायचा तो “ॲड ब्लॉकर आहे का?” असा नव्हे, “कुठला आहे आणि कुठून आणला?” असा.

फायरफॉक्सवर चालणारा युब्लॉक ओरिजिन रेमंड हिल यांनी सुरू केला. त्याचा कोड उघडा आहे, कुणीही वाचू शकतं, आणि ते त्यासाठी देणग्याही घेत नाहीत. नुसता ‘युब्लॉक’ म्हणजे तो नव्हे, नावात ‘ओरिजिन’ आहे का ते बघा. आयफोनची गोष्ट आणखी वेगळी आहे. २०१५ साली आयओएस ९ बरोबर सफारीत कंटेंट ब्लॉकर आले, तेव्हा ॲपलने रचनाच अशी केली की ब्लॉकर काय काय अडवायचं याची यादी सफारीला देतो आणि बाजूला होतो. तुम्ही कुठलं पान उघडलं, त्यात काय लिहिलं, हे त्याला कळतच नाही. सफारीला पूर्ण परवानगी मागणारी एक्स्टेन्शनंही असतात, त्यांना मात्र वरचाच नियम लावायचा.

मेसेज लिहिणाऱ्याने दुसरी बाजू सांगितलेलीच नाही. पासवर्ड चोरीला जाण्याचा एक मोठा रस्ता जाहिरातींमधूनच जातो. बँकेचा किंवा गॅसचा कस्टमर केअर नंबर शोधला की सर्वात वर जाहिरात दिसते, आणि ती कधी कधी भामट्याने पैसे मोजून लावलेली असते. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये नेमक्या याच फसवणुकीबद्दल सूचना काढली आणि शोध घेताना ॲड ब्लॉकर वापरा, असा सल्ला दिला. पासवर्ड वाचवायचा म्हणून ब्लॉकर सरसकट बंद करणं म्हणजे चोराच्या भीतीने दार उघडं टाकून झोपणं आहे.

“बँकेचे व्यवहार अडवतो.” हाही अर्धाच खरा. इथे आधी कळायला हवं की ब्लॉकर बसलाय कुठे. ब्राउझरमधला ब्लॉकर फक्त त्या ब्राउझरमध्येच काम करतो. यूपीआयचं ॲप, बँकेचं ॲप यांच्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. पण दोन प्रकार सगळ्या फोनवर पसरतात. एक, व्हीपीएनसारखे चालणारे ब्लॉकर, म्हणजे फोनचं सगळं नेट स्वतःतून नेणारे, ज्यांची किल्लीची खूण वर दिसते. काही बँकांची ॲप्स व्हीपीएन चालू दिसला की पुढे सरकत नाहीत. दुसरा, ॲन्ड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये आलेला प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता कुणाला विचारायचा ते ठरवणारी सोय. कुणी तिथे जाहिराती अडवणारा पत्ता घालून ठेवला असेल, तर एखादं ॲप अडू शकतं आणि कारण मात्र सापडत नाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधा, ‘ऑटोमॅटिक’ करा, काम उरका, परत पूर्वीसारखं करा. क्रोममध्ये जाहिराती गायब दिसत असतील, तरी बहुतेक वेळा कारण हेच असतं. ॲन्ड्रॉइडवरच्या नेहमीच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसवताच येत नाही. २०१८ पासून क्रोम फारच त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या साईटींवर जाहिराती स्वतः अडवतो, तेवढंच.

आणि ज्याला लोक ब्लॉकरचा दोष समजतात, तो पुष्कळदा पॉप-अपचा असतो. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायला बसलेला माणूस वैतागून येतो, कारण बटण दाबलं तरी उतारा उघडत नाही. उतारा नव्या खिडकीत उघडायचा असतो आणि ब्राउझर ती खिडकी अडवतो. पैसे भरताना बँकेचं पान नव्या खिडकीत येणार असेल तेव्हाही हेच होतं. ही अडवणूक ब्राउझरची स्वतःची आहे, ॲड ब्लॉकर नसला तरी होते. साईट सेटिंग्जमध्ये ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’ असतं, तिथे त्या एका साईटला परवानगी दिली की काम होतं. सगळ्या साईटींना देऊ नका.

“बॅटरी आणि नेट खातो.” नाही. अडवलेली जाहिरात उतरतच नाही, मग तिचं नेट लागणार कसं? ब्लॉकर आपली यादी अधूनमधून ताजी करतो, त्याला काही एमबी लागतात. आपोआप सुरू होणाऱ्या एका व्हिडिओ जाहिरातीतही तेवढं नेट सहज जातं. हा गैरसमज येतो कुठून, तर व्हीपीएनसारख्या ब्लॉकरमुळे. फोनचं सगळं नेट त्याच्यातून जातं म्हणून बऱ्याच फोनवर वापराचा सगळा आकडा त्याच्याच नावावर दिसतो. यूट्यूबने खाल्लेलंही त्याच्याच खात्यावर.

“बेकायदेशीर आहे.” आपल्या फोनवर काय उतरवायचं हे ठरवणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा भारतात नाही. जर्मनीत तर एका मोठ्या प्रकाशन समूहाने ॲडब्लॉक प्लस बनवणाऱ्या कंपनीला न्यायालयात खेचलं होतं. १९ एप्रिल २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ही अनुचित स्पर्धा नाही असा निकाल दिला. साईटलाही तिचा हक्क आहे: ब्लॉकर असेल तर मजकूर दाखवणार नाही, असं ती म्हणू शकते. मग वाचायचं की नाही हे आपण ठरवायचं.

“गोव्यातल्या वर्तमानपत्रांचं नुकसान होतं.” हे खरं आहे. मी स्वतः ब्लॉकर वापरतो आणि तरीही हे मान्य करतो. वेबसाईटवरच्या बऱ्याच जाहिरातींचे पैसे त्या किती वेळा दिसल्या यावर मिळतात. ब्लॉकरने जाहिरात मागवलीच नाही, तर ती मोजली जात नाही आणि साईटला काहीच मिळत नाही. इंग्रजीतल्या जगभर वाचल्या जाणाऱ्या साईटला हे सोसतं. गोव्यात मराठी वाचणारे किती? वाळपईच्या रस्त्याची बातमी, साखळीच्या नाट्यप्रयोगाची बातमी, गावच्या जत्रेचा कार्यक्रम आणि निधनाच्या बातम्या आपल्याला दुसरं कोण देणार? इतक्या थोड्या वाचकांतले निम्मे ब्लॉकर लावून बसले तर तो घाव बातमीदाराच्या पगारापर्यंत जातो.

पण त्यावरचा उपाय सगळीकडे ब्लॉकर बंद करणं हा नाही. तसं केलं तर वर्तमानपत्राबरोबर फुकटात सिनेमे दाखवणाऱ्या भुरट्या साईटलाही दार उघडतं. मागच्या पावसात एक मुलगा फोन घेऊन आला होता. स्क्रीनवर दर दोन मिनिटांनी “तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस” असं येत होतं. एका मॅच दाखवणाऱ्या साईटने ब्लॉकर बंद करायला लावला, मग “तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा” म्हणाली. त्याने दाबलं. ती होती नोटिफिकेशनची परवानगी. फोनमध्ये व्हायरस एकही नव्हता. एकदा अशी परवानगी दिली की ब्लॉकर परत चालू करूनही ती नोटिफिकेशन थांबत नाहीत, ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या साईटचं नाव काढावं लागतं.

म्हणून बंद करायचा तो साईट बघून, एकेका साईटपुरता. फायरफॉक्समध्ये ती साईट उघडायची, मेनूतून एक्स्टेन्शनमध्ये जाऊन युब्लॉक ओरिजिन उघडायचा आणि पॉवरचं मोठं बटण दाबून पान पुन्हा लोड करायचं. ब्रेव्ह ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीवर सिंहाचं तोंड असतं, ते दाबून त्या साईटसाठी शिल्ड, म्हणजे त्याचा ब्लॉकर, खाली करायची. सफारीत पत्त्याजवळच्या मेनूतून त्या साईटच्या सेटिंग्ज उघडून कंटेंट ब्लॉकरची टिक काढायची. तिन्ही ठिकाणी निवड त्या साईटपुरती लक्षात राहते, बाकी ठिकाणी ब्लॉकर चालूच. इतकं करून त्या वर्तमानपत्राच्या पानावर जाहिरातींनी मजकूरच झाकला, तर परत चालू करा आणि संपादकांना तसं कळवा. छापील अंक घरी येत असेल तर तो बंद करू नका, त्याचे पैसे जाहिरातीपेक्षा सरळ पोचतात.

आजींच्या फोनवर ब्रेव्ह होता. त्या रोज दोनच वर्तमानपत्रं उघडतात. दोन्हींवर सिंह दाबून शिल्ड खाली केली, ग्रुपवरचा मेसेज उतरवून घेतला आणि त्याखाली त्यांच्याच आवाजात उत्तर पाठवलं. ती लिंक कुणी दाबू नका, एवढंच त्यात त्या बोलल्या. मंडळातल्या तिघींनी आधीच दाबली होती. संध्याकाळी त्या तिघी फोन घेऊन आल्या, मी आधी त्यांना बँकेत फोन लावून दिला.