तो हॉर्न खरा आहे

काल रात्री बारा वाजता आमचा अल्बम रिलीज झाला आणि बारा वाजून एकोणीस मिनिटांनी पहिली कमेंट आली. "ऑर्केस्ट्रा एआयचा आहे ना, लगेच कळतंय." पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले दोन इमोजी. झालं. तीन वर्षांच्या कामाचं बारसं.

अल्बम बावन्न मिनिटांचा आहे हो. एकोणीस मिनिटांत या गृहस्थाने काय ऐकलं, किती ऐकलं, देव जाणे. मी चार वेळा उत्तर टाइप केलं आणि चार वेळा पुसलं, कारण बँडच्या पेजवरून कुणाशी भांडायचं नाही असं आमच्या ड्रमरने सगळ्यांकडून वदवून घेतलंय. माझ्या वॉलबद्दल काही ठरलेलं नाही. तर इथे लिहिते, तुम्ही सगळे आपलेच आहात, तुम्हाला वेगळं समजावत बसायला नको.

त्याला जी जागा 'कळली' तिचा टाइमस्टॅम्पसुद्धा दिलाय त्याने. तिसरं गाणं, मधला भाग. गिटार थांबतात आणि फ्रेंच हॉर्न, ते गोल वेटोळ्याचं फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, एकटा सुरू होतो. मला हसावं की रडावं कळेना. अख्ख्या अल्बममध्ये नेमकी तीच जागा निवडलीस रे बाबा?

ती ओळ मी लिहिली कीबोर्डवर. सगळे तशीच लिहितात, त्यात लाजायचं काही नाही. सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा साठा, उघडायची, उजव्या हाताने सूर, डाव्या हाताने मॉड व्हील, म्हणजे आवाज कमीजास्त करायचं चाक, की हॉर्न वाजतो. पट्टी दाबून ठेवाल तोवर वाजतो, दमत नाही, ओठ सुजत नाहीत, कुरकुर नाही. मिनिटाला ८० मात्रांचा टेम्पो, चार मात्रांचे ११ बार, म्हणजे ३३ सेकंद मी तो एकसंध ओढला होता आणि स्वतःवर भयंकर खूश होते. मग ते नोटेशन छापून सरांकडे घेऊन गेले.

सर म्हणजे माझे गुरू वगैरे नव्हेत, ओळखीच्या ओळखीतून सापडले. आयुष्यभर ऑर्केस्ट्रात हॉर्न वाजवला, आता निवृत्त. सिम्फॉनिक मेटल म्हणजे काय (मेटलच्या गिटार-ड्रम्सच्या जोडीला ऑर्केस्ट्रा, आम्ही तेच वाजवतो) ते समजावायला मला अर्धा तास लागला आणि तरी शेवटपर्यंत ते 'तुमचं ते रॉक' असंच म्हणत राहिले. त्यांनी चष्मा लावला, कागद स्टँडवर ठेवला, बोटाने बार मोजत शेवटपर्यंत गेले, परत पहिल्यापासून मोजले. मग हॉर्न मांडीवर ठेवून म्हणाले, "अगं, छान आहे. पण मी श्वास कुठे घेऊ?"

मला उत्तरच देता येईना. तीन आठवडे ती ओळ घासत होते मी, सूर बदलले, हार्मनी बदलली, खालचे चेलो दहा वेळा उलटेपालटे केले, आणि वाजवणाऱ्याला फुप्फुसं असतात हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून कुठलाही सिम्फॉनिक मेटल अल्बम लावला की मी आधी तेच ऐकते. नाइटविश या फिनिश बँडचंच घ्या (घेणारच, माझी वॉल आहे). सुरुवातीला ऑर्केस्ट्राचं सगळं काम त्यांच्या तुओमास होलोपाइनेनचे कीबोर्डच करायचे. २००२ च्या 'सेंच्युरी चाइल्ड'वर पहिल्यांदा खरा ऑर्केस्ट्रा आला, तोही त्यांच्याच भागातल्या योएन्सू शहराचा. मग २००४ चा 'वन्स', आणि त्यासाठी कितेएसारख्या छोट्याशा फिनिश गावातून निघालेली ही पोरं थेट लंडनला, तिथल्या वादकांकडे. ऑर्केस्ट्रेशन पिप विल्यम्सचं. हा माणूस मुळात मेटलवाला नाहीच, स्टेटस क्वो आणि मूडी ब्लूज या जुन्या रॉक बँडचे अल्बम केलेला प्रोड्यूसर. पण बँडमध्ये बसून सुचलेलं माणसांच्या ऑर्केस्ट्राला वाजवता येईल असं कागदावर उतरवणं हे वेगळंच काम आहे, ब्रासला, म्हणजे हॉर्नसारख्या पितळी वाद्यांना, उसंत कुठे द्यायची, कॉयरने, म्हणजे समूहात गाणाऱ्यांनी, श्वास कुठे घ्यायचा, चेलो आणि गिटार आवाजाच्या एकाच पट्ट्यात आले तर कोण कुणाला गिळणार. त्याचं नाव अल्बमच्या आत बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही.

आणि २००७ चा 'डार्क पॅशन प्ले'! ॲबी रोड स्टुडिओ, ऑर्केस्ट्रा आणि कॉयर धरून १७५ माणसं, खर्च ५ लाख युरोंच्या वर, फिनलंडमधला तोवरचा सगळ्यात महागडा अल्बम. तोही कुठल्या परिस्थितीत, तर २००५ च्या ऑक्टोबरात हेलसिंकीचा एवढा मोठा शो झाल्यावर गायिका तार्याला जाहीर पत्र लिहून बँडमधून काढलेलं, नवी गायिका कोण ते जगाला अजून ठाऊक नाही, आणि हे अल्बम रेकॉर्ड करतायत. (त्या पत्राबद्दल माझं मत विचारू नका. वाईट होतं. बास.)

एवढे पैसे कशाला घातले? सॅम्पल्स तेव्हाही होतीच की. घातले कारण सहा हॉर्न एकत्र बसले की एक जण श्वास घेतो तेव्हा बाकीचे पाच सूर धरून ठेवतात, मग दुसरा घेतो, मग तिसरा. ओळ तुटत नाही पण आतून सारखी हलत असते. कॉयरचंही तेच. त्या आवाजाला पोट असतं, ते वरखाली होतं. हे ज्याला ऐकू येत नाही त्याने बारा एकोणीसला कमेंट करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

बरं, ठीक आहे, आता कुणीतरी खाली लिहिणारच म्हणून मीच लिहिते. हो, आमच्याकडे सहा हॉर्न नव्हते, एकच होता. हो, आमचा ऑर्केस्ट्रा बराचसा सॅम्पल्सचाच आहे. दोन व्हायोलिन, एक चेलो आणि सर ही खरी माणसं, ती सॅम्पल्सच्या वर बसवलीयत. छोटे बँड असंच करतात, वर एक खरं व्हायोलिन असलं की कान खालच्या खोट्यांनाही खरं मानून घेतो. आणि आमचा कॉयर म्हणजे आम्हीच सहा जण, प्रत्येकाने आठ आठ वेळा गाऊन केलेले ४८ आवाज, त्यात आमचा बेसिस्ट, जो आयुष्यात कधी गायला नव्हता आणि यापुढेही गाऊ नये. पण सॅम्पल वापरणं आणि 'मला एक एपिक मेटल गाणं दे' असं मशीनला टाइप करणं हे एकच आहे का? त्या लायब्ररीतसुद्धा कुणीतरी एका खोलीत बसून एकेक सूर हळू, मध्यम, जोरात वाजवून दिलेला असतो. पुढे त्या सुरांचं काय करायचं ते मी ठरवलं. तीन आठवडे ठरवत होते. चुकीचं ठरवलं, पण मीच ठरवलं ना!

आणि रिलीज म्हणजे तर विनोदच आहे. २०१५ पासून सगळं जग शुक्रवारी रिलीज करतं, म्हणजे तुमचा अल्बम येतो त्याच रात्री बाकीच्या दुनियेचाही येतो आणि त्या ढिगात आमच्यासारख्यांना कोण शोधणार. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात. तीस! सरांची एक ओळ तेहतीस सेकंदांची आहे, ती एक ओळसुद्धा त्यात मावत नाही. ज्याने त्याने आम्हाला हाच सल्ला दिला, सुरुवातीचा ओव्हर्चर काढा, दोन मिनिटं कोण थांबणार, थेट गायिकेपासून सुरू करा. नाही काढला. नाइटविशने २०२० मध्ये डबल अल्बम काढला आणि दुसरी अख्खी डिस्क अर्ध्या तासाच्या एका ऑर्केस्ट्राच्या रचनेला दिली, मेटल नावालाही नाही, आणि तो आला एप्रिलमध्ये, सगळं जग घरात कोंडून बसलेलं असताना. त्यांना परवडतं, माहितीये मला. आम्हाला नाही परवडत. तरी नाही काढला.

तर सर. त्यांनी काय केलं, पेन्सिल काढली आणि सहाव्या बारच्या शेवटी, ओळीच्या वर, एक बारीकसा स्वल्पविराम काढला. वाजवणारे श्वासाची खूण तशीच करतात. म्हणाले, "इथे सूर जरा आधी सोडतो. कुणाला कळणार नाही. कळलं तर बरंच." पाच टेक झाले. पाचवा सगळ्यात स्वच्छ होता पण आम्ही चौथा ठेवला, कारण चौथ्यात तो श्वास ऐकू येतो. चक्क ऐकू येतो, म्हाताऱ्या माणसाने जिन्याच्या वळणावर क्षणभर थांबून घ्यावा तसा, आणि त्याच्यानंतरचा सातव्या बारचा पहिला सूर किंचित थरथरतो आणि मग स्थिर होतो. मी कीबोर्डवर जन्मात वाजवू शकले नसते असा सूर आहे तो. आमच्या मिक्सिंगवाल्या मित्राने पहिल्या मिक्समध्ये तो श्वास नॉइज समजून साफ केला होता, मी त्याच्याशी दोन दिवस भांडून परत टाकायला लावला. दोन दिवस! आणि तो कमेंटवाला म्हणतो एआय.

दुपारी सरांचा फोन आला होता. सकाळी लिंक पाठवली होती मी. म्हणाले, "आवाज फार आहे गं तुमच्यात, पण मजा आली." मग म्हणाले, "माझी जागा मला आधी सापडलीच नाही, नातवाने काढून दिली." आणि ठेवता ठेवता, "तो स्वल्पविराम काढून टाकलास वाटतं?" मी म्हटलं, नाही हो सर, आहे की, त्याच्यासाठी तर भांडले. ते "बरं बरं" म्हणाले. मला वाटलं, वय झालंय, फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल.

हे वरचं लिहिलं आणि थांबले. चहा वगैरे काही नाही, नुसती थांबले. आणि ते गाणं परत लावलं, स्टुडिओच्या हेडफोनवर नाही, साध्या इअरफोनवर, स्पॉटिफायवरून, म्हणजे कुणीही परका माणूस ऐकेल तसं.

श्वास नाहीये.

पाच वेळा ऐकलं. नाहीये. म्हणजे आहे, फाइलमध्ये आहे, कापलेला नाही. पण पाचव्या बारला गिटार परत येतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, खाली ड्रम्सची डबल किक, आणि डिस्टॉर्टेड गिटार पसरते नेमकी त्याच मधल्या पट्ट्यात जिथे हॉर्न राहतो. सिम्फॉनिक मेटल मिक्स करणाऱ्या प्रत्येकाचं हे रडगाणं आहे, मलाही पाठ आहे. म्हणून शेवटच्या आठवड्यात आम्ही हॉर्न वर आणायला त्याला दाबून कॉम्प्रेस केला, हळू आणि जोर सगळं एका उंचीवर आणलं, वर मोठा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दिला. आता सूर सुटतो तिथे रिव्हर्बची शेपूट येऊन ते भोक बुजवते. थरथरणारा सूर सपाट झालाय. ऐकणाऱ्याला ३३ सेकंद न थांबता, न दमता वाजणारा हॉर्न ऐकू येतो, मी कीबोर्डवर वाजवला होता अगदी डिट्टो तसाच. आणि त्या मिक्सला 'फायनल' मीच म्हटलंय, रात्री अडीच वाजता, थम्ब्स अप पाठवून. मित्राला बोल लावायची सोय नाही.

त्या माणसाचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. ते इमोजी तर बिलकूल माफ नाहीत. पण टाइमस्टॅम्प त्याने बरोबर दिला होता, एवढं मात्र आहे. सरांनाही तेच ऐकू आलं, फक्त ते चांगल्या घरचे आहेत म्हणून "बरं बरं" म्हणाले.

सरांना आत्ता परत फोन केला. सांगितलं, सर, तुमचंच बरोबर होतं, स्वल्पविराम आहे पण ऐकू येत नाही, चूक माझी. ते हसले. म्हणाले, ऑर्केस्ट्रात चाळीस वर्षं काढली, आपण ऐकू येत नाही याची सवय असते. मग मी एक गोष्ट विचारली, ते हो म्हणाले.

पेजवर त्या कमेंटखाली 'हॉर्न खरा आहे' एवढंच टाकलंय. ड्रमर ओरडेल, ओरडू दे. आणि इथे पहिल्या कमेंटमध्ये लिंक देतेय, सरांचा चौथा टेक, नुसता हॉर्न, काहीही न लावलेला. अठराव्या सेकंदाला ऐका. त्याच्या जरा आधी खुर्ची करकरते, ती माझी.