गठ्ठा सोडू नका

पहिल्या सत्राचं गणित यंदा 'कृतीतून' शिकवायचं तुम्ही मनावर घेतलंय, असं कळलं. चांगलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बरीच वर्षं गेली, त्या हक्काने चार गोष्टी सांगतो. पहिली आणि मुख्य: कृती ही लिहायची गोष्ट आहे. करत बसलात तर लिहायला वेळ उरणार नाही. तपासणीला साहेब आले की टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन मागतात, पोरांच्या बोटांना लागलेला चिंचोक्यांचा चिकटा कोणी मागत नाही.

नियोजनाला बसाल तेव्हा दिवस मोजा, पण कागदावरच मोजा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास सांगितले आहेत. त्यातले निम्मे धरा आणि घटक त्यात बसवून टाका. मतदार यादीचं काम, आधारची दुरुस्ती, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, दर महिन्याची शिक्षण परिषद, खिचडीच्या तांदळाचा हिशोब यांना नियोजनाच्या तक्त्यात रकाना नसतो. म्हणजे ते दिवस गेलेच नाहीत असं समजायचं. दोनशिक्षकी शाळेतले दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेले आणि चारही वर्ग एका खोलीत तुमच्यासमोर बसले, तर त्या दिवशी 'सहाध्यायी अध्ययन' असं लिहा. खोटंही नसतं ते. चौथीची पोरं पहिलीच्या पोरांना गप्प बसवत असतात.

प्रस्तावनेत 'मूर्ताकडून अमूर्ताकडे' हे शब्द हवेतच. त्याखाली केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान, 2021, आणि 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत संख्याज्ञान, एवढं आलं की पान भरतं. त्यातलं मूर्त कुठे आहे असं कोणी विचारलंच, तर कपाटाकडे बोट दाखवायचं.

कपाटाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. गणिताची साहित्यपेटी त्यात असते. दशकाचे दांडे, शंभर मण्यांची माळ, खेळातल्या नोटा, प्लास्टिकचं घड्याळ. पेटी उघडली की मणी हरवणार, मणी हरवला की माळ नव्व्याण्णवची होणार, आणि साठा नोंदवहीत ती शंभराची आहे. म्हणून माझं ऐका, पेटी वर्षातून दोनदाच उघडा: एकदा धूळ पुसायला आणि एकदा फोटोला. फोटोसाठी पोरांना गोल बसवा, मध्ये दांडे पसरा, सगळ्यांना खाली बघायला सांगा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप उमटेल असं करून ठेवा. तोच आपला पुरावा. मग 'हात लावू नका रे' म्हणत दांडे गोळा करायचे. एवढ्या वर्षांत माझा एकही दांडा हरवलेला नाही. निवृत्तीच्या दिवशी पेटी पहिल्या दिवशीसारखी चकचकीत सोपवीन.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं उदाहरण भाषणात जरूर द्या. बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर त्यांनी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तू घेऊन बालवाड्या चालवल्या. पण त्यांची एक अडचण होती, हे विसरू नका: पाड्यावर कुलूप लावायला कपाट नव्हतं.

दुसरीला संख्याज्ञान घ्यायचं असेल तर जपून. एकदा मी भोळेपणाने एका मुलीच्या हातात खराट्याच्या काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्ट्या काड्या दिल्या. 'किती?' म्हटलं. 'सत्तावीस,' ती म्हणाली. 'लिही.' तिने 72 लिहिलं. तिचं काय चुकलं? तोंडाने ती सात आधी म्हणते, वीस मागून येतात, आणि पाटीवर मात्र डावीकडून दोन आधी काढायचे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं ते याच गोंधळावर उपाय म्हणून. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख होत्या. पुढे काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. ज्यांना पंचेचाळीस आधी की चोपन्न हे बोटं मोजल्याशिवाय सांगता येत नाही, त्यांनीसुद्धा मराठी बुडाली म्हणून टाहो फोडला. विधानसभेत विनोद झाले. तेव्हा तुम्ही या भानगडीत पडू नका. 72 वर लाल फुली मारा, खाली सत्तावीस दहा वेळा लिहायला लावा. मुलगी वळणदार अक्षरात दहा वेळा 72 लिहून आणेल, पण तेवढ्यात तास संपलेला असेल.

अपूर्णांकांना पिझ्झाचं चित्र घ्या. इंटरनेटवर रंगीत मिळतं, छापून भिंतीवर छान दिसतं. आमच्या वाडीत पिझ्झा कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे पोरं शांत ऐकतात, प्रश्न विचारत नाहीत. डब्यातल्या भाकरीवर चुकूनही जाऊ नका. चतकोर म्हणजे काय हे तिथे सगळ्यांना माहीत असतं, दोन चतकोरांची अर्धी कोर होते हेही, आणि 'गुरुजी, याच्या चतकोरापेक्षा माझी चतकोर मोठी कशी?' असा अडचणीचा प्रश्न निघतो. एका पोराच्या आजीला तर निमकी-पावकी, म्हणजे अर्ध्याचे नि पावाचे पाढे तोंडपाठ निघाले. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा, तोसुद्धा तिने खळ्यात बसून धडाधड म्हणून दाखवला. अशा माणसांना शाळेत बोलवायचं असेल तर फक्त पालक सभेला, सहीपुरतं.

मापनाचा घटक मात्र गाजवण्याचा आहे. शाळेच्या पटांगणात आठवडी बाजार भरवा. फीत सरपंच कापतील, मंडप कोणीतरी देईल. पोरं मेथी, भेळ, लिंबू सरबत घेऊन बसतील आणि त्यांच्या मागे त्यांच्या आया बसतील. पावशेर मेथी तोलणार आई, वीस रुपयांतून बारा वजा करून आठ परत देणारही आई. पोराने मधे तोंड घातलं तर 'तू गप, चुकशील' असं तीच सांगेल. संध्याकाळी एकूण उलाढाल ग्रुपवर टाका. ती बेरीज मी मोबाइलवर करायचो. शिक्षकाने वेळ वाचवावा.

राहता राहिली हातच्याची वजाबाकी. हा घटक साहेबांना दाखवायला उत्तम, कारण काड्यांचे गठ्ठे टेबलावर मांडले की वर्ग कसा भरल्यासारखा वाटतो. भेटीच्या आदल्या रात्री मी घरी बसून गठ्ठे बांधले. खराटा मोडला, दहा-दहा काड्या, वर रबर. घरच्या खराट्याचा बळी गेला म्हणून बायकोने ऐकवलं ते वेगळंच. रबर कमी पडले, मग काहींना सुतळी. सकाळी फळ्यावर 32 – 17 लिहिलं, तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या मांडल्या, आणि म्हटलं, 'दोनातून सात जात नाहीत, मग काय करायचं?'

पुढच्या बाकावरचा एक काटकुळा पोरगा उठला. 'गुरुजी, गठ्ठा सोडू का?'

हाच तो क्षण, जपायचा. अख्खी वजाबाकी त्या रबरात आहे हे मलाही ठाऊक होतं. पण साहेब अकराला यायचे होते आणि घरी परत खराटा नव्हता. 'सोडल्यासारखं समज,' मी म्हणालो. 'आता बारा झाल्या. बारातून सात गेले पाच. वर दोन गठ्ठे, त्यातला एक गेला. उत्तर पंधरा.' सगळ्यांनी पंधरा लिहिलं. त्याने चौदा लिहिलं.

मी कान धरला. तो म्हणाला, 'मोजा की.' मी फळ्यावर साहेबांसाठी तारीख लिहीत होतो, तेवढ्यात त्याने मधलं रबर काढलं होतं. काड्या बाकावर पसरलेल्या. दोघांनी मिळून मोजल्या, दोनदा. त्या गठ्ठ्यात नऊच होत्या.

साहेब अकराला नाही, साडेबाराला आले. शेरेबुकात 'गणितासाठी मूर्त साहित्याचा प्रभावी वापर' असा शेरा पडला. पोरगा तेव्हा वर्गात नव्हता. त्याला मी साहेबांच्या चहासाठी दूध आणायला पाठवलं होतं. तुमच्याही वर्गात असा एखादा असेलच, त्याचं नाव आत्ताच टिपून ठेवा, आणि दुधाचं भांडंही आदल्या दिवशीच घासून ठेवा.