घुमटातलं डोकं

परवा पहाटे पाच चाळीसला मी अंगभर साबण लावून, पालथ्या बादलीवर उभं राहून, एका पारदर्शक प्लास्टिकच्या घुमटात डोकं खुपसून, एका अनोळखी अमेरिकन म्हाताऱ्याशी पाव तास गप्पा मारल्या. गप्पा उन्हाबद्दल होत्या. बायकोने ही हकिगत आतापर्यंत नागपूरला तीन, पुण्याला दोन आणि अकोल्याला एक फोन करून सांगितली आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. निदान माझी बाजू तरी मांडतो.

मुलगा फिनिक्सला असतो. गेल्या वर्षी त्याने एक जुनं आरव्ही घेतलं, म्हणजे ट्रकच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं असतं त्यात. फक्त सगळं एक नंबर लहान. ते ओढत आम्ही चार दिवसांसाठी लेक हवासू सिटीला आलो. जून महिन्यात! ॲरिझोना राज्यातल्या उन्हाचा विक्रम, १२८ अंश फॅरनहाइट म्हणजे आपले ५३, ज्या गावाच्या नावावर आहे (२९ जून १९९४) तेच हे गाव. हिवाळ्यात इथे उत्तरेकडचे निवृत्त लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि ऊन तापायच्या आत शहाण्यासारखे परत जातात. मुलाला रजा जूनमध्ये मिळाली. "बाबा, तुम्ही तर नागपूरचे!" तो म्हणाला. हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आलो, त्यामुळे त्याच्यावर उत्तर सुचलं नाही.

तर बाथरूम. आरव्हीचं छत मुळात बुटकं, त्यात शॉवरचा टब चाकावरच्या उंचवट्यावर बसवलेला. उंच माणसाचं डोकं आपटू नये म्हणून बरोबर वर छताला १४ बाय २२ इंचांचं भोक पाडून त्यावर प्लास्टिकचा घुमट बसवतात. माझी उंची ५ फूट ४ इंच. घुमट ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यात माझी गणती नाही, त्यातून येणारं ऊन मात्र माझ्या वाट्याचं. मूळचा घुमट धुरकट रंगाचा होता. तो तडकला. मुलाने ऑनलाइन शोधलं. धुरकट महाग आणि तीन आठवड्यांनी, पारदर्शक स्वस्त आणि उद्या. म्हणून पारदर्शक. त्याच्या खाली आतून आणखी एक घुमट बसतो आणि दोघांच्या मधली हवा थोडी उष्णता अडवते. तो दुसरा "ऑर्डर केलाय". ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको.

आमचा पलंग बाथरूमच्या दाराला खेटून. दार म्हणजे एक फळी आणि तिच्याखाली चार बोटं फट. पहाटे पाचलाच त्या फटीतून असा उजेड येतो की आत कोणी वेल्डिंग करतंय. दुपारी तर दार उघडवत नाही. एसीची हवा तिथवर पोचतच नाही. साबणाचा लोण्याचा गोळा होतो. टूथपेस्ट न दाबता बाहेर येते. थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं आणि गरम पाण्याच्या नळाला जवळपास चहा.

मी हिशेब केला. अकरावी-बारावीला ३४ वर्षं फिजिक्स शिकवलंय मी, हिशेब केल्याशिवाय घामसुद्धा पुसत नाही. स्वच्छ आकाश असेल तर भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. आमचं भोक चौरस मीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढं, म्हणजे २०० वॅट. स्वस्थ बसलेला माणूस १०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. थोडक्यात, आमच्या बाथरूममध्ये दोन पाहुणे भर दुपारी दार लावून बसलेले असतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. हे मी मुलाला आकडेमोडीसकट सांगितलं.

"बाबा, चारच तर दिवस आहेत. कशाला?"

हा 'कशाला' गेले तीन महिने ऐकतोय. फिनिक्सच्या घरी मोरीचा नळ ठिबकतो, पाना द्या म्हटलं, कशाला? दाराची बिजागरी कुरकुरते, दोन थेंब तेल सोडतो, कशाला? आवाज चढवत नाही हो तो, प्रेमानेच बोलतो. पण ज्या घरात आपल्याला स्क्रू फिरवायची मुभा नाही, तिथे आपण सामानासारखे असतो. नीट ठेवलेल्या सामानासारखे, पण सामानच.

माझं आजोळ चिपळूणजवळ. कौलारू घर, आणि स्वयंपाकघरावर दोन कौलं काचेची. त्यांतून कवडसा पडायचा, त्यात धूळ नाचायची. आजीला घड्याळ लागत नसे. कवडसा जात्यापाशी आला की भात टाकायचा, उंबऱ्याला टेकला की आजोबांना जेवायला हाक. चुलीच्या धुराने ती काच हळूहळू तपकिरी होत जायची. वैशाखात कवडसा अगदी मवाळ, पिवळसर. मग पावसाआधी घर शाकारायला मामा वर चढला की काच पुसून घ्यायचा, कारण पुढे चार महिने अंधारच. म्हणजे उन्हाळ्यात काच आपोआप धुरकट, पावसाळ्यात लख्ख, आणि ऑर्डर कुणालाच करावी लागत नव्हती. असो. आरव्हीत चूल पेटवायला बंदी आहे, मी विचारलं.

मग मी गुपचूप कामाला लागलो. पहिल्या दिवशी भोकात टॉवेल कोंबला. तो दहा मिनिटांनी बायकोच्या डोक्यावर पडला आणि तिला पाल वाटली. दुसऱ्या दिवशी मुलगा किराणा घेत असताना शेजारच्या दुकानातून आरव्हीच्या छतासाठी मिळणारी फोमची गादी आणली, एका बाजूने चांदी लावलेली. ती १४ बाय १४ निघाली. छताला पंखा असतो त्या चौकोनाची. राहिलेल्या आठ इंचांतून सूर्याने आपलं काम चालू ठेवलं. तिसरा उपाय म्हणजे बुडबुड्यांचा चंदेरी कागद, मापात कापून वेल्क्रोने आतून चिकटवलेला. रात्री काय सुरेख दिसत होता! पण वेल्क्रोचा गोंद उन्हाच्या बाबतीत माझ्या मुलासारखाच. चारच तर दिवस, कशाला चिकटायचं?

आता त्या पहाटेकडे येतो. अंघोळ पाच चाळीसलाच का, तर दिवसभरात बाथरूम माणसात असते ती तेवढीच वेळ. बंबात पाणी मावतं सहा गॅलन, म्हणजे २३ लिटर, म्हणजे आपली एक बादली. शॉवरखाली अमेरिकन माणसाला हे पाणी पुरत नाही म्हणे. मला बादली आणि मगात पुरून उरतं. साबण लावून झाला, पाण्याचा मग उचलला, आणि चंदेरी कागदाचं एक टोक सुटून लोंबायला लागलं. मी धुण्याची बादली पालथी घातली, वर चढलो, दोन्ही हातांनी कागद दाबायला गेलो. तो आख्खा सुटून खाली आला आणि माझं डोकं, आयुष्यात पहिल्यांदाच, घुमटात पोचलं.

समोर शेजारच्या आरव्हीच्या छतावर एक उघडाबंब माणूस गुडघ्यांवर बसला होता. डोक्यावर गवती टोपी, नाकावर चष्मा, हातात बंदूक. बंदूक माझ्याकडे रोखलेली.

ती छताच्या फटी बुजवायच्या सीलंटची बंदूक आहे हे कळायला मला दोन सेकंद लागली. त्या दोन सेकंदांत मी मुलाला माफ केलं होतं.

शंभरेक जागांच्या त्या मैदानात त्या आठवड्यात दोनच आरव्ही उभ्या होत्या, आणि कचेरीतल्या बाईने आम्हाला नेमकी त्याच्या शेजारची जागा दिली होती. हा गृहस्थ पाच आठवडे अडकलेला. त्याच्या गाडीचा एक सुटा भाग इंडियानातून यायचा होता. या गाड्यांपैकी बऱ्याचशा तिकडे एल्कहार्टच्या बाजूलाच बनतात. पाच आठवड्यांत त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं, आणि आता सूर्योदयाच्या मुहूर्तावर बरणीतल्या मुरांब्यासारखं एक साबणाने माखलेलं डोकं त्याच्यासमोर उगवलं होतं.

"मॉर्निंग, बडी!"

मी शिक्षक माणूस. कुणी अभिवादन केलं की तोंडातून उत्तर आपोआप जातं. "गुड मॉर्निंग, सर." बाथरूमची छोटी खिडकी उघडी होती, त्यामुळे आवाज छान पोचत होता.

"आतून लावतोयस?"

"हो."

"चूक. छत्री तू शर्टाच्या आत उघडतोस का?"

मी गप्प. तो सुरू. ऊन एकदा प्लास्टिकमधून आत शिरलं की ते घरात आलंच. चांदी आणि घुमट यांच्या मध्ये भट्टी पेटते, घुमटाचं प्लास्टिक भाजून ठिसूळ होतं, आधीचा असाच तडकला असणार. अडवायचं तर बाहेर अडव. चांदी बरंचसं ऊन बाहेर परतवतेही, हा माझा मुद्दा होता. पण तोंड उघडलं की साबण आत जात होता, आणि मुख्य म्हणजे तो बरोबर होता. प्रारणाचा धडा ३४ वर्षं फळ्यावर लिहिलेला मी, आणि मला तो धडा एक उघडा माणूस छतावरून शिकवत होता.

"कुठला तू?"

"इंडिया. नागपूर."

"तिकडे गरम असतं का?"

हा प्रश्न नागपूरच्या माणसाला! मी घुमटातल्या घुमटात ताठ झालो. "मे महिन्यात ४७!"

तो कळवळला. "४७? स्वेटर लागत असेल."

४७ फॅरनहाइट म्हणजे आठ-सव्वाआठ अंश सेल्सिअस. नागपूरच्या इतिहासात आमच्या उन्हाचा एवढा अपमान झाला नसेल. मी मनात गुणाकार सुरू केला: ४७ गुणिले ९, भागिले ५, अधिक ३२. तेवढ्यात डाव्या डोळ्यात साबण गेला. "एकशे सोळा पॉइंट सहा!" मी ओरडलो.

"पॉइंट सिक्स!" तो खूश झाला. तेव्हापासून मी त्याच्यासाठी पॉइंट सिक्स आहे.

दारावर थाप पडली. "अहो, कोणाशी बोलताय?"

"शेजाऱ्यांशी."

"बाथरूममध्ये?"

"वर आहेत ते."

बराच वेळ शांतता. मग अगदी हळू आवाजात: "काऊन हो, बरं वाटतंय नं तुम्हाला?"

मी खाली का उतरलो नाही, असं सगळे विचारतात. कसा उतरणार? समोरचा माणूस आपल्याशी बोलतोय आणि आपण मधेच पाण्याखाली गेल्यासारखं डोकं गायब करायचं? आपल्यात बसतं ते? शिवाय तो आता मेव्हण्यावर आला होता. मेव्हणा असाच स्टुलावर चढला होता, खुबा मोडला, मग कुत्र्याकडे बघायला कुणी नाही, मग कुत्रं याच्याकडे आलं, ते कुत्रं आत्ता एसीत झोपलंय आणि हा छतावर. "तू कशावर उभा आहेस?" त्याने एकदम विचारलं. बादलीवर, म्हटलं. "उतर, उतर! पडशील!" परवानगी मिळाल्यावर मी उतरलो. तोवर साबण वाळून अंगावर पापडासारखा ताणला होता.

न्याहारीला मी म्हणालो, आच्छादन बाहेरून हवं. मुलगा म्हणाला, "ऑब्व्हियसली, बाबा." ऑब्व्हियसली! दोन दिवस हाच म्हणत होता कशाला. दहा वाजता तो म्हातारा दाराशी येऊन तेच बोलला, तर "ओह, ग्रेट आयडिया, थँक यू सो मच!" एकच सल्ला, माझ्या तोंडून आला की कटकट, त्याच्या तोंडून आला की आयडिया. मी पोहे खाल्ले. अंमळ जास्तच खाल्ले.

संध्याकाळी लंडन ब्रिज पाहायला गेलो. हो, लंडनचाच. थेम्सवर १८३१ साली उघडलेला पूल लंडनवाल्यांनी विकायला काढला आणि १९६८ मध्ये रॉबर्ट मॅकलक या इथल्या उद्योगपतीने तो २४ लाख ६० हजार डॉलरना घेतला. दगडांवर नंबर टाकून ते समुद्रमार्गे आणले, वाळवंटात पुन्हा रचले आणि १९७१ मध्ये उद्घाटन केलं. पूल आधी कोरड्या जमिनीवर बांधला आणि मग खालून कालवा खणला. आपल्याकडे पूल होतो आणि जोडरस्ता राहतो, इथे नदीच राहिली होती. मी कठड्याला हात लावला. चटका बसला. लंडनहून आख्खा पूल इथे आणता येतो आणि १४ बाय २२ इंचांवर सावली आणता येत नाही, असं मी मोठ्याने म्हणालो. सून म्हणाली, "बाबा, फोटो काढू या का?"

काल सकाळी तो म्हातारा स्वतःच आमच्या छतावर चढला. काखेत निवडणुकीतली एक पाटी. इथे उमेदवार लोक घरांसमोरच्या हिरवळीत पन्हळी प्लास्टिकच्या पाट्या खोचतात. तिचं माप १८ बाय २४, म्हणजे घुमटावर टोपीसारखी बसली. चार कोपऱ्यांना भोकं पाडली, हवा खेळावी म्हणून खाली लाकडाचे ठोकळे सरकवले, आणि दोरीने आवळून टाकली. दुपारी मी बाथरूमचं दार उघडलं. दोन्ही पाहुणे उठून गेले होते. साबण साबणासारखा होता.

फक्त पाटी त्याने पालथी लावली होती. पन्हळीतून ऊन मवाळ होऊन येतं, कवडशासारखंच, आणि त्या पिवळट उजेडात छतातून एक गोरा, गुबगुबीत, टाय लावलेला चेहरा माझ्याकडे बघून हसत होता.

बायकोला काहीच नवल वाटलं नाही. "आपल्याकडे गोठ्यावर नाही का घालत, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स? गाय रवंथ करते आणि वर साहेब हात जोडून उभे."

मी म्हाताऱ्याला विचारलं, कोण हा? "पडला तो," तो म्हणाला. "चेहरा वर ठेवला तर गिधाडं घाबरतात."

आज सकाळी मी भिंतीकडे तोंड करून अंघोळ केली. दुपारी निघायचं आहे. मुलगा शिडी शोधतोय. म्हणतो, बाबा, ती पाटी काढून त्यांना परत देऊ या.

मी म्हटलं, कशाला?